चेंडू एक, हिशेब दोन : वेगाचे आडवे आणि उभे घटक नेमके काय सांगतात?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातला मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावी झाल्यावर विज्ञान शाखेत जातो, तेव्हा पीयूसीच्या पहिल्या वर्षात लवकरच त्याची गाठ एका प्रकरणाशी पडते. प्रकरणाचं नाव 'प्रतलातील गती'. पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचं इंग्रजी, शिकवणंही इंग्रजी. त्यात सर सांगतात की वेगाचे दोन घटक करा, आडव्याला कोसाइन लावा, उभ्याला साइन लावा आणि गणित सोडवा. विद्यार्थी वहीत सूत्र उतरवून घेतो. चार गणितं सुटतात. पाचव्या गणितात कोन जरा वेगळा दिलेला असतो आणि सगळं बिघडतं.

ही अडचण फक्त सीमाभागाची नाही. पणजी असो, इंदूर असो, वडोदरा असो की हैदराबाद, अकरावीच्या भौतिकशास्त्रात हे प्रकरण असतंच. पुढे कार्य, ऊर्जा, वर्तुळाकार गती, विद्युतक्षेत्र अशी जी प्रकरणं येतात, त्या सगळ्यांत हेच 'घटक करणं' पुन्हा पुन्हा लागतं. इथं पाया कच्चा राहिला तर दोन वर्षं डोकेदुखी पाठ सोडत नाही. आणि गंमत म्हणजे यातली मूळ कल्पना अवघड नाही. ती मराठीत नीट कळली तर इंग्रजी पुस्तक आपोआप सोपं वाटू लागतं.

आधी शब्द नीट लावून घेऊ

रोजच्या बोलण्यात गाडीचा 'वेग' साठ आहे असं आपण म्हणतो. भौतिकशास्त्र त्याला वेग म्हणत नाही, 'चाल' म्हणतं. चाल म्हणजे नुसता आकडा. त्या आकड्याला दिशा जोडली की तो वेग होतो. 'ताशी ६० किलोमीटर' ही चाल झाली, 'ताशी ६० किलोमीटर, उत्तरेकडे' हा वेग झाला.

दिशा असलेल्या राशीला 'सदिश' म्हणतात, दिशा नसलेल्या राशीला 'अदिश'. वेग सदिश आहे. 'वेग' आणि 'सदिश' हे शब्द हिंदी, गुजराती आणि कन्नड पुस्तकांतही याच अर्थानं वापरले जातात. त्यामुळे घरात मराठी आणि शाळेत दुसरी भाषा असलेल्या मुलांना हे शब्द परके वाटायचं कारण नाही.

तिरक्या दिशेनं जाणाऱ्या वस्तूचा वेग दोन काटकोनी दिशांत मांडणं, यालाच वेगाचं विघटन म्हणतात. जमिनीला समांतर असलेला तो क्षितिजसमांतर किंवा आडवा घटक. जमिनीशी काटकोनात असलेला तो ऊर्ध्व किंवा उभा घटक.

घटक म्हणजे वेगाची सावली

घटक ही कागदावरची करामत वाटते. पण तो डोळ्यांना दिसू शकतो.

समजा, सूर्य अगदी डोक्यावर आहे. बेळगाव, पणजी ही गावं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं इथं वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात, असा दिवस खरोखर येतो. अशा भर दुपारी मैदानावर कुणी फुटबॉल उंच मारला, तर चेंडूची सावली जमिनीवरून सरळ रेषेत पळताना दिसेल. त्या सावलीचा वेग म्हणजे चेंडूच्या वेगाचा आडवा घटक. चेंडू किती वर गेला, किती खाली आला, याची सावलीला काही खबर नसते.

आता समजा, संध्याकाळ आहे, सूर्य क्षितिजाला टेकलाय आणि चेंडूच्या मार्गाशेजारी एक उंच भिंत आहे. बाजूनं येणाऱ्या उन्हात चेंडूची सावली भिंतीवर पडते. मारणारा उन्हाच्या दिशेनंच, म्हणजे सरळ भिंतीकडे चेंडू मारतो, तेव्हा भिंतीवरची सावली फक्त वर जाते आणि खाली येते. तिचा वेग म्हणजे उभा घटक.

चेंडू एकच, सावल्या दोन. एक फक्त आडवी धावते, दुसरी फक्त चढते-उतरते. विघटन म्हणजे या दोन सावल्यांचा वेगवेगळा हिशेब ठेवणं.

दोन खाती, पण घड्याळ एकच

या प्रकरणाचा सगळा जीव एका गोष्टीत आहे. आडव्या हिशेबाचा उभ्या हिशेबाशी संबंध नाही. गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढतं, त्यामुळे ते फक्त उभ्या घटकात बदल करतं. आडव्या दिशेनं ओढणारं कुणी नसेल (हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवू) तर आडवा घटक आहे तसाच राहतो.

घरी पडताळून पाहायचं असेल तर टेबलाच्या कडेला दोन नाणी ठेवावीत. एकाला टिचकी मारून आडवं उडवावं आणि त्याच क्षणी दुसरं कडेवरून नुसतं खाली सोडावं. पहिलं नाणं लांब जाऊन पडतं, दुसरं पायाशी. पण कान देऊन ऐकलं तर दोन्हींचा आवाज एकाच वेळी येतो. टेबल ८० सेंटीमीटर उंच असेल तर दोन्ही नाण्यांना खाली यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. टिचकीनं मिळालेला आडवा वेग सेकंदाला २ मीटर असेल तर तेवढ्या वेळात पहिलं नाणं ०.८ मीटर पुढे जातं. आडव्या वेगामुळे ते जास्त वेळ हवेत राहत नाही, फक्त जास्त लांब पडतं.

रेल्वेतही हेच दिसतं. मिरज-लोंढा मार्गावर गाडी सरळ रुळावर ताशी ७२ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला २० मीटरनं धावतेय असं समजा. डब्यात बसलेल्या प्रवाशानं किल्ली हातभर वर उडवली आणि ती ०.६ सेकंदांनी परत हातात आली. तेवढ्या वेळात गाडी १२ मीटर पुढे सरकली. तरी किल्ली मागे राहिली नाही, कारण गाडीचा सेकंदाला २० मीटर हा आडवा वेग किल्लीकडेही होता आणि वर उडवल्यानं तो कुठे गेला नाही. प्रवाशाला किल्ली सरळ वर-खाली गेलेली दिसते. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला तीच किल्ली १२ मीटर लांबीची कमान करून गेलेली दिसेल.

दोन्ही खाती वेगळी असली तरी एक गोष्ट मात्र सामाईक आहे : वेळ. उभ्या खात्यातून वेळ काढायची आणि ती आडव्या खात्यात वापरायची. प्रक्षेपणाची बहुतेक गणितं एवढ्यावरच उभी आहेत.

गॅलिलिओनं काय केलं?

ही फोड करायला माणसाला बराच काळ लागला. फेकलेली वस्तू आधी सरळ जाते आणि जोर संपला की खाली पडते, अशी समजूत युरोपात शतकानुशतकं होती. तोफांचा काळ आला तसा हा प्रश्न जीवनमरणाचा झाला. इटलीतल्या निकोलो टार्टालिया या गणितज्ञानं १५३७ साली छापलेल्या पुस्तकात तोफ ४५ अंशांत रोखली तर गोळा सर्वांत लांब जातो, असं मांडलं. त्याच सुमारास दख्खनमध्येही मोठमोठ्या तोफा ओतल्या जात होत्या. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली सुमारे ५५ टनांची 'मुलुख-ए-मैदान' तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतलेली आहे.

पण गोळा नेमक्या कोणत्या मार्गानं जातो आणि का, याचं नीट उत्तर दिलं ते गॅलिलिओनं. 'दोन नवी विज्ञाने' हा त्याचा ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन इथं छापला गेला. त्यात त्यानं फेकलेल्या वस्तूची गती दोन गतींची मिळून बनली आहे असं दाखवलं : एक आडवी आणि एकसारखी, दुसरी उभी आणि क्षणोक्षणी बदलणारी. दोन्ही एकत्र केल्या की जी वक्ररेषा तयार होते ती परवलय किंवा अन्वस्त. आज अकरावीच्या वर्गात जे 'घटक करणं' शिकवतात, त्याचं मूळ इथं आहे.

आकड्यांत पाहू : एक किक, तीन सेकंद

गोलकीपरनं चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगानं, जमिनीशी ३७ अंशांचा कोन करून मारला असं समजा. ३७ अंशांचं साइन ०.६ आणि कोसाइन ०.८ धरायला हरकत नाही.

आडवा घटक = २५ × ०.८ = सेकंदाला २० मीटर
उभा घटक = २५ × ०.६ = सेकंदाला १५ मीटर

गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरू. याचा अर्थ उभ्या वेगात दर सेकंदाला १० ची घट होते. आता दोन्ही खाती शेजारी-शेजारी ठेवू :

- सुरुवातीला : आडवा २०, उभा १५ (वर), उंची ०
- १ सेकंदानं : आडवा २०, उभा ५ (वर), उंची १० मीटर
- १.५ सेकंदानं : आडवा २०, उभा ०, उंची ११.२५ मीटर
- २ सेकंदांनी : आडवा २०, उभा ५ (खाली), उंची १० मीटर
- ३ सेकंदांनी : आडवा २०, उभा १५ (खाली), उंची ०

चेंडू ३ सेकंद हवेत होता. आडवा वेग २०, म्हणून तो २० × ३ = ६० मीटर लांब पडला.

या यादीत दोन गोष्टी बारकाईनं पाहाव्यात. पहिली, सर्वांत उंच जागी चेंडूचा वेग शून्य होतो असं अनेक जण लिहून येतात. ते चूक आहे. शून्य होतो तो फक्त उभा घटक. आडवा २० तिथंही आहे, म्हणूनच चेंडू तिथं थांबत नाही. त्वरणही शून्य होत नाही, ते तिथंही १० च आहे आणि खालीच आहे.

दुसरी, २० आणि १५ ची बेरीज ३५ होते, २५ नाही. घटक म्हणजे भाकरीचे दोन तुकडे नव्हेत की जोडले की पूर्ण भाकरी झाली. ते काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू आहेत आणि मूळ वेग हा कर्ण आहे. म्हणून इथं पायथागोरसचा सिद्धांत लागतो : २० चा वर्ग ४००, १५ चा वर्ग २२५, बेरीज ६२५, वर्गमूळ २५. घटक बरोबर काढलेत की नाही, हे तपासायची ही सगळ्यात सोपी पद्धत.

साइन कुठे, कोसाइन कुठे?

'आडव्याला कोसाइन, उभ्याला साइन' हे पाठांतर चालतं, पण कोन जमिनीपासून मोजलेला असेल तरच. कोन उभ्या रेषेपासून मोजला की ते उलटं पडतं. परीक्षेत मुलं फसतात ती नेमकी इथंच.

यासाठी आंबोलीच्या पावसाचं उदाहरण घेऊ. वारा नसताना पावसाचा मोठा थेंब सेकंदाला साधारण ८ मीटर वेगानं सरळ खाली येतो. त्याच वेळी वारा त्याला सेकंदाला ६ मीटरनं बाजूला ढकलत असेल तर थेंबाचा एकूण वेग होतो सेकंदाला १० मीटर आणि तो उभ्या रेषेशी सुमारे ३७ अंश तिरका येतो. छत्री तेवढी कलती धरावी लागते. आता गणितात उलट विचारलं : थेंबाचा वेग १०, उभ्या रेषेशी कोन ३७ अंश, आडवा घटक किती? पाठांतर करणारा १० × ०.८ = ८ लिहितो. बरोबर उत्तर १० × ०.६ = ६ आहे. इथं आडव्याला साइन लागलं.

मग लक्षात ठेवायचं काय? कोन ज्या बाजूला चिकटलेला आहे त्या बाजूला कोसाइन. कोनाच्या समोरच्या बाजूला साइन. 'कोनाशेजारी कोसाइन', दोन्हींत 'को' आहे. कोन जमिनीला चिकटून असेल तर आडवा घटक कोसाइनचा. कोन उभ्या रेषेला चिकटून असेल तर उभा घटक कोसाइनचा. आकृती न काढता सूत्र लावू नये ते याचसाठी.

साइन हा शब्दही मुळात आपल्याकडचाच. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये रचलेल्या ग्रंथात या राशीचं कोष्टक आहे आणि भारतीय गणितात तिला 'ज्या' म्हणत. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत जाताना त्याचं 'जिबा' झालं. पुढे तो शब्द 'जैब' असा वाचला गेला, आणि लॅटिन भाषांतर करणाऱ्यांनी 'जैब'चा अर्थ घेऊन 'सायनस' हा शब्द वापरला. त्याचंच पुढे साइन झालं. 'कोटिज्या' म्हणजे कोसाइन. शब्द इंग्रजी वाटला तरी तो आपल्याकडूनच फिरून आला आहे.

विमान उतरतं तेव्हा

कोन अगदी लहान असेल तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण सांबरा विमानतळावर उतरणाऱ्या विमानाचं. जगभरात विमानं उतरताना सर्वसाधारणपणे ३ अंशांच्या उतारानं खाली येतात. समजा, विमानाचा वेग ताशी २१६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६० मीटर आहे. ३ अंशांचं साइन सुमारे ०.०५२ आणि कोसाइन सुमारे ०.९९९.

आडवा घटक = ६० × ०.९९९ = जवळपास ५९.९
उभा घटक = ६० × ०.०५२ = सुमारे ३.१

म्हणजे विमान पुढे जवळजवळ पूर्ण वेगानं जातंय, पण खाली येतंय ते सेकंदाला फक्त ३ मीटरच्या आसपास. ३०० मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला दीड मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात ते सुमारे पावणेसहा किलोमीटर पुढे आलेलं असतं. सांबऱ्याच्या आजूबाजूच्या गावांवरून विमान इतकं खालून का जातं, याचं उत्तर या दोन घटकांत आहे.

इथं एखाद्यानं साइन-कोसाइनची अदलाबदल केली तर विमान सेकंदाला ६० मीटरनं खाली येतंय असं उत्तर येईल. असं विमान उतरत नाही, कोसळतं. गणित सुटल्यावर उत्तर अर्थपूर्ण आहे का, हे एकदा डोळ्यांसमोर आणून पाहिलं तर अशा चुका जागीच सापडतात.

घाटात ट्रक का रडतो?

बेळगावहून गोव्याला जाणाऱ्याला चोर्ला घाट नवा नाही. परत येताना चढावर भरलेले ट्रक मुंगीच्या पावलानं चढतात. समजा, एका ठिकाणी रस्त्याच्या २० मीटर लांबीला १ मीटर चढ आहे आणि १० टनांचा ट्रक सेकंदाला १० मीटरनं, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरनं चढतोय. त्याच्या वेगाचा उभा घटक सेकंदाला फक्त अर्धा मीटर.

दिसायला हा अर्धा मीटर क्षुल्लक वाटतो. पण गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं सगळं काम या उभ्या घटकाचंच. १० टन वजन सेकंदाला अर्धा मीटर वर उचलायचं म्हणजे ५० किलोवॅट शक्ती लागते, साधारण ६७ अश्वशक्ती. रस्त्याचं घर्षण आणि हवेचा विरोध यासाठी लागणारी शक्ती वेगळीच. सपाट रस्त्यावर हा उभा घटक शून्य असतो म्हणून तोच ट्रक सहज पळतो. ड्रायव्हर घाटात गिअर उतरवतो, तो या अर्ध्या मीटरपायी.

४५ अंशच का?

आता टार्टालियाच्या ४५ अंशांकडे परत येऊ. चेंडू लांब जायला दोन गोष्टी हव्यात : पुढे जाण्याचा वेग आणि हवेत राहायला वेळ. पहिली गोष्ट आडवा घटक देतो, दुसरी उभा घटक. पण एकूण वेग तेवढाच असल्यानं एक वाढवला की दुसरा घटतो.

सेकंदाला २० मीटर वेगानं चेंडू मारला आणि गुरुत्व त्वरण १० धरलं तर :

- ३० अंश : हवेत २ सेकंद, अंतर सुमारे ३४.६ मीटर
- ४५ अंश : हवेत सुमारे २.८ सेकंद, अंतर ४० मीटर
- ६० अंश : हवेत सुमारे ३.५ सेकंद, अंतर पुन्हा सुमारे ३४.६ मीटर

३० आणि ६० अंशांना अंतर सारखंच. एकात वेग जास्त पण वेळ कमी, दुसऱ्यात वेळ जास्त पण वेग कमी. ४५ अंशांत दोन्ही घटक सारखे होतात आणि त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा येतो. ज्या दोन कोनांची बेरीज ९० होते, त्या दोन्हींना अंतर सारखं मिळतं. बहुपर्यायी प्रश्नांत याचा चांगला उपयोग होतो.

हवा मध्ये आली की

पुस्तकातली गणितं हवा नाही असं धरून केलेली असतात. प्रत्यक्षात हवा असते आणि ती हिशेबात बऱ्यापैकी ढवळाढवळ करते. एक किलोमीटर उंचीवरून पडणाऱ्या थेंबाला हवेनं अडवलं नसतं तर तो सेकंदाला सुमारे १४० मीटर वेगानं, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरनं डोक्यावर आदळला असता. प्रत्यक्षात तो ८ मीटरच्या आसपास येतो, ही हवेचीच कृपा.

फुटबॉलही म्हणूनच गणितातल्या ६० मीटरपेक्षा अलीकडे पडतो आणि मैदानावर सर्वांत लांब जाणाऱ्या किकचा कोन ४५ अंशांपेक्षा कमी असतो. हवेचा विरोध वस्तूच्या एकूण वेगावर अवलंबून असल्यानं तिथं दोन खाती एकमेकांपासून पूर्ण वेगळी राहत नाहीत. पण परीक्षेत 'हवेचा विरोध दुर्लक्षित करा' असं लिहिलेलं असतं, तोवर दोन्ही हिशेब बिनधास्त वेगळे ठेवावेत.

आडवा-उभाच हवा असं नाही

घटक नेहमी जमिनीच्या हिशेबानंच करावेत असा नियम नाही. दोन दिशा एकमेकींशी काटकोनात असल्या म्हणजे झालं. पणजी-बेती फेरीबोटीचं उदाहरण घ्या. मांडवीचं पात्र एका ठिकाणी ४०० मीटर रुंद आहे, बोट पैलतीराकडे सेकंदाला ४ मीटरनं जातेय आणि पाणी तिला सेकंदाला १ मीटरनं बाजूला ओढतंय असं समजा. नदी पार व्हायला ४०० भागिले ४, म्हणजे १०० सेकंद लागतील. तेवढ्यात बोट १०० मीटर बाजूला सरकेल. पाण्याच्या ओढीनं पार व्हायचा वेळ बदलला नाही, फक्त लागायची जागा बदलली. टेबलावरच्या नाण्यांची गोष्टच इथं पाण्यावर घडते. म्हणूनच धक्क्याला नेमकी लागावी यासाठी बोट थोडी प्रवाहाकडे तोंड करून चालवावी लागते. त्यात पार होण्याचा वेग थोडा कमी होतो आणि वेळ थोडा वाढतो.

गणित सोडवताना

१. आकृती काढा. कोन कोणत्या रेषेपासून मोजलाय ते आधी पाहा.
२. कोनाशेजारच्या बाजूला कोसाइन, समोरच्या बाजूला साइन लावा.
३. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे आडवा हिशेब, उजवीकडे उभा.
४. गुरुत्व त्वरण फक्त उजवीकडे लिहा. वरची दिशा धन मानली तर ते ऋण येईल.
५. उभ्या बाजूनं वेळ काढा आणि ती आडव्या बाजूला वापरा.
६. शेवटी पायथागोरसनं पडताळा घ्या आणि उत्तर व्यवहारात पटतं का ते पाहा.

सरावासाठी एक गणित : २० मीटर उंच बुरुजावरून दगड सेकंदाला १० मीटर वेगानं अगदी आडवा फेकला. तो किती वेळानं, किती लांब आणि किती वेगानं पडेल? (गुरुत्व त्वरण १० धरा.)

उत्तर : दगड आडवा फेकल्यानं सुरुवातीचा उभा घटक शून्य. २० मीटर खाली यायला २ सेकंद. तेवढ्यात आडवं अंतर १० × २ = २० मीटर. जमिनीवर पडताना उभा घटक २०, आडवा १०. एकूण वेग ५०० चं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला सुमारे २२.४ मीटर.

इंग्रजी पुस्तकात हेच गणित वेगळ्या शब्दांत येईल, चिन्हं रोमन असतील, प्रश्न लांबलचक असेल. पण वहीच्या पानावर दोन खाती पडली आणि मध्ये एकच घड्याळ ठेवलं, की प्रश्न कोणत्याही भाषेत येवो, उत्तर तेच येतं.